कायदा कुणाचा आणि गुन्हेगार कोण?

(विहाराच्या वर्धापन दिनी अभ्यासवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. दोन शब्द म्हणून वक्ते तासभर घेतात, याचा अनुभव आपल्याला आहेच. आम्ही तेवढा वेळ घेणार नाही. मागे भोजनदानाची पातेली वाजू लागली आहेत, ती आम्हालाही ऐकू येतात.

यंदाच्या वर्षावासात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाने कायदा, गुन्हा आणि समाजावर चालणारी सत्ता हा विषय घेतला होता. काहींनी विचारलं, विहारात हा विषय कशाला? हा तर वकिलांचा विषय. त्याचं कारण आधी सांगतो.

ती रात्र आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. शेजारच्या इमारतीत चोरी झाली आणि रात्री अकराच्या सुमारास गाडी आली ती थेट आपल्या नाक्यावर. चार पोरं गप्पा मारत बसली होती, चौघांनाही उचललं. त्यांच्या आया रात्रभर ठाण्याबाहेर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. चौकशीत काही निघालं नाही. पण चौघांपैकी एकाला त्या सकाळी नव्या कामावर हजर व्हायचं होतं. ते काम गेलं.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी सांगताना जीभ जड होते, पण विहारात उभं राहून ती लपवणं बरं नाही. त्याच आठवड्यात आपल्याच वस्तीत बोललं जाऊ लागलं की, "आपल्या पोरांना उगीच नेलं, चोरी नाल्यापलीकडच्या त्या पालवाल्यांनीच केली असणार." तिथे पारध्यांची पाच-सहा पालं आहेत. पुरावा काय, तर काहीच नाही. त्यांच्या बायका हंडे घेऊन पाण्याला आल्या, तर त्यांना नळावरून परत पाठवलं. नळावरून! ज्यांच्या आजा-पणजांनी चवदार तळ्यासाठी मार खाल्ला, त्यांच्या नळावरून. असं बोलणाऱ्यांत परके कुणी नव्हते, आम्हीच होतो. म्हणून आम्हाला हा विषय घ्यावा लागला.

आपल्या घरात कायदा म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, भिंतीवरच्या तसबिरीतले निळ्या कोटातले बाबासाहेब, हातात संविधान. दुसरं, रात्री नाक्यावर थांबलेली ती गाडी. एक पाहिलं की मान ताठ होते, दुसरं पाहिलं की छातीत धस्स होतं. दोन्ही चित्रं खरी आहेत. एकाच कायद्याची ही दोन रूपं कशी, हा आजचा प्रश्न आहे.

शाळेत आपल्याला शिकवतात की समाज एका कुटुंबासारखा असतो; काय चांगलं, काय वाईट यावर सगळ्यांचं एकमत असतं आणि त्या एकमताचा कायदा होतो. खून वाईट, चोरी वाईट, यावर दुमत नाही. पण समाजशास्त्रात दुसराही एक विचार आहे. त्याला संघर्षवादी विचार म्हणतात आणि त्याचं मूळ कार्ल मार्क्सकडे जातं. हे लोक म्हणतात, समाजात एकमत नसतं, हितसंबंधांची ओढाताण असते. ज्यांच्या हातात जमीन, पैसा आणि सत्ता, त्यांचा हात कायदा लिहिताना वर असतो. म्हणून कुठलाही कायदा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: हा केला कुणी? लागू होतो कुणावर? आणि फायदा कुणाचा?

मार्क्स या विचाराकडे कसा वळला ते पाहण्यासारखं आहे. 1842 साली तो जर्मनीत कोलोन शहरात वर्तमानपत्रात लिहीत होता. ऱ्हाइन प्रांताच्या सभेत लाकूडचोरीच्या कायद्यावर चर्चा झाली होती. तिथले गरीब लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात गळून पडलेल्या वाळक्या फांद्या सरपणाला आणत. ती रीतच होती. पण जंगलमालकांना आता लाकडाचे पैसे दिसू लागले होते आणि सभेत वजन त्यांचंच होतं. झाडाखाली पडलेली काटकी उचलली तरी ती चोरीच, असं ठरवायचं चाललं होतं. त्यातून वसूल होणारा दंडही मालकाच्याच पदरात पडायचा होता. म्हणजे कायदा करणारा, फिर्याद देणारा आणि दंड घेणारा एकच! मार्क्सने यावर कडाडून लिहिलं. पुढे 1859 साली त्याने स्वतःच सांगितलं की या प्रकरणांमुळेच तो प्रथम आर्थिक प्रश्नांकडे वळला. बघा, बाईच्या डोक्यावरची मोळी काल होती तशीच आजही आहे. कागदावरचा एक शब्द बदलला आणि ती चोर झाली.

आपल्याकडेही असंच घडलं. इंग्रज सरकारने 1878 साली वनकायदा केला, मोठमोठी जंगलं राखीव ठरवली, आणि ज्या आदिवासींचं अख्खं आयुष्य त्या जंगलावर चालायचं ते आपल्याच रानात गुन्हेगार ठरले. पुढे 2006 साली आपल्या संसदेने वनहक्क कायदा केला, तेव्हा त्याच्या उद्देशिकेतच मान्य केलं की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला होता. मधल्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी दंड भरले, मार खाल्ला, तुरुंगात दिवस काढले, त्यांना कुणी काय भरून दिलं?

आता आणखी मागे, इंग्लंडात जाऊ. तिथे 1348 साली प्लेगची भयंकर साथ आली. माणसं इतकी मेली की शेतावर राबायला मजूर मिळेना. मग उरलेला मजूर जास्त मजुरी मागू लागला. लगेच 1349 आणि 1351 साली कायदे आले: मजुरी साथीच्या आधी होती तेवढीच घ्यायची आणि धडधाकट माणसाला भीक घालायची नाही. विल्यम चॅम्ब्लिस या अमेरिकन अभ्यासकाने 1964 साली हे उलगडून दाखवलं की भटक्यांविरुद्धच्या कायद्याचं मूळ इथे आहे. जमीनदाराला स्वस्तात मजूर हवा होता, म्हणून रिकामा फिरणारा माणूस गुन्हेगार झाला. आपल्याकडचा 1959 सालचा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा याच वाटेने जाणारा. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर फिरतो, एवढ्यावर माणसाला धरता येतं. हाच कायदा दिल्लीतही लावलेला होता. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्यापुरती त्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली.

आता नाल्यापलीकडच्या पालांकडे येतो. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने अख्ख्या जमातीलाच जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पाळण्यातलं पोरही त्यातून सुटलं नाही. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत केली. तिथल्या माणसांना गिरणीत राबवत आणि पुन्हा कुंपणाआड आणत. सोलापूरकर त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. हे सगळं कशासाठी? फिरस्ता माणूस सारा भरत नाही, एका जागी सापडत नाही, सरकारच्या मुठीत राहत नाही, म्हणून. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. कुंपण निघालं, पण माणसांच्या डोक्यातून शिक्का निघाला नाही. 1959 साली आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर त्याच पालांवर राहिली. आणि आपण? इंग्रजांनी 1871 साली मारलेला शिक्का आपण त्या दिवशी नळावर पुन्हा मारला. राज्य करणाऱ्याचं काम असं सोपं होतं बघा. प्रत्येक वस्तीवर पोलीस ठेवायला नको, खालच्याने त्याच्याही खालच्यावर नजर ठेवली की झालं.

यात आपल्या पूर्वजांचीही एक गोष्ट आहे. गावचा वेसकर कोण होता? महार. रात्री गावाची वेस लावायची, राखण करायची, चोराचा माग काढायचा, पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी सारा पोचवायचा, ही सगळी कामं त्याची. म्हणजे गावचा कायदा ज्याच्या काठीवर चालायचा, त्याला त्या वेशीच्या आत घर नव्हतं. मोबदला म्हणजे थोडी वतनाची जमीन आणि दारोदार मागितलेलं बलुतं. 1874 सालच्या वतन कायद्याने ही वेठ पक्की केली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने खालसा व्हायला मात्र 1958 साल उजाडावं लागलं.

आता दुसरी बाजू. कशाला गुन्हा म्हणायचं हे जसं सत्ता ठरवते, तसं कशाला म्हणायचं नाही हेही तीच ठरवते. 1939 साली एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पांढरपेशा गुन्ह्यांवर बोट ठेवलं. तो म्हणाला, मोठ्या हुद्द्यावरची, प्रतिष्ठित माणसं धंद्यात जे गुन्हे करतात ते आपण मोजतच नाही. आपल्या देशातली गोष्ट बघा. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसं मारली. 2010 साली निकाल लागला, अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. आणि मॅनहोल? गटारात माणूस उतरवून मारणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पेपरात बातमी येते ती "दुर्घटना" म्हणून. मरणारा कुठल्या समाजाचा असतो, ते आपल्याला सांगायची गरज नाही.

मग तुरुंगात कोण असतं? 2022 साली देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन कैदी कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा खटला अजून निकालात निघालेला नव्हता. अनुसूचित जातींचा लोकसंख्येतला वाटा 2011 च्या जनगणनेत 16.6 टक्के, आणि कैद्यांमध्ये मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आपली माणसं जास्त वाईट आहेत का? जामिनाचे पैसे नसतात, वकील नसतो आणि गाडी आधी आपल्याच नाक्यावर येते.

इथवर ऐकून एखादा तरुण म्हणेल, मग कायदा फक्त त्यांचाच, जाळून टाका! थांबा. बाबासाहेबांनी काय केलं ते आधी बघू. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला त्यांनी मनुस्मृती जाळली, कारण तो कायदा माणसागणिक शिक्षा बदलत होता. एकाच गुन्ह्याला ब्राह्मणाला एक आणि शूद्राला एक. पण त्याच महाडात दुसरंही एक घडलं. सवर्णांनी तळ्यावर जायला बंदी घालणारा हुकूम कोर्टातून आणला होता. हजारो माणसं पाणी घ्यायला तयार होऊन बसली होती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टात लढाई धरली. ती जवळजवळ दहा वर्षं चालली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना मज्जाव करायची अनादि रूढी होती हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही. तळं खुलं झालं. म्हणजे मनुस्मृती जाळणारे आणि कोर्टाचा हुकूम पाळून लढणारे बाबासाहेब एकच होते. कायदा सत्तेच्या बाजूला झुकतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण ती लढाईची जागा आहे, आणि आपण तिथे उभे राहिलो नाही तर ती दुसऱ्याच्या ताब्यात जाते, हे त्यांनी ओळखलं होतं.

याची साक्ष पुढेही मिळाली. 1989 साली ॲट्रॉसिटी कायदा झाला. 2018 च्या 20 मार्चला, महाडच्या सत्याग्रहाच्याच तारखेला, सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने तो बोथट केला. 2 एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर आले आणि ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने आणखी एक निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमावलीत झाडूकाम कुठल्या जातीने करायचं आणि स्वयंपाक कुठल्या जातीने, हे लिहून ठेवलेलं होतं. स्वातंत्र्याला 77 वर्षं झाली तरी! सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने ते शोधून काढलं, याचिका केली आणि कोर्टाने ते नियम घटनाबाह्य ठरवले.

तरीही कायदा झाला म्हणजे सगळं झालं, असं नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीची कलमं कोर्टात टिकली नाहीत. अख्ख्या गावाला दिसणारी जात कोर्टाच्या कागदावर दिसली नाही. बाबासाहेबांनी 1943 साली पुण्याच्या भाषणात हेच बजावलं होतं की हक्कांचं रक्षण शेवटी समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. ती नसेल तर कुठलाही कायदा, कुठलंही न्यायालय पुरं पडत नाही.

ही बुद्धी कुठून आणायची? इथे आम्ही भगवंतांकडे वळतो.

दीघनिकायातल्या चक्कवत्ति सीहनाद सुत्तात एक गोष्ट आहे. एका राजाने राज्य तर राखलं, पण गोरगरिबांना धन दिलं नाही. दारिद्र्य वाढलं. दारिद्र्यातून चोरी आली. पहिला चोर धरून आणला. राजाने विचारलं, चोरी का केलीस? तो म्हणाला, महाराज, जगायला काही नाही. राजाने त्याला धन दिलं. ते ऐकून दुसरेही चोरी करू लागले. मग राजा घाबरला आणि एका चोराची धिंड काढून त्याचं डोकं उडवलं. त्याने चोरी थांबली का? नाही. चोरांनी शस्त्रं केली आणि ज्याला लुटायचं त्याला मारूनच टाकायला सुरुवात केली. आधी दारिद्र्य, मग चोरी, मग शस्त्र, मग हत्या, मग खोटं बोलणं, अशी ती साखळी भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली.

मग उपाय? तो कूटदंत सुत्तात आहे. राजा महाविजिताला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो, राज्यात लूटमार चालली आहे. ती फाशी, दंड, हद्दपारी यांनी संपणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. जो शेती करतो त्याला बी-बियाणं आणि चारा द्या, व्यापार करतो त्याला भांडवल द्या, नोकरी करतो त्याला पगार द्या. राजाने तसं केलं आणि माणसं मुलांना मांडीवर खेळवत दारं उघडी टाकून राहू लागली. भगिनींनो, उघड्या दाराचं सुख काय असतं ते आपल्या चाळीतल्या जुन्या माणसांना विचारा.

मार्क्सही दुःखाचं मूळ शोषणात पाहतो. मग फरक कुठे? 20 नोव्हेंबर 1956 रोजी, महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूला यावरच बोलले. ध्येय जवळचं आहे, साधनं वेगळी आहेत, आणि बळजबरीने आणलेली व्यवस्था बळ सरल्यावर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बुद्ध माणसाचं मन बदलू पाहतात. म्हणून दारिद्र्य हे चोरीचं मूळ आहे असं सांगणाऱ्या भगवंतांनीच, न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शीलही दिलं. गरीब आहे म्हणून चोरीला सूट नाही. तसंच गरीब आहे म्हणून चोर ठरवायलाही सूट नाही. आणि अंगुलिमालासारख्यालाही ज्याने शिक्का न मारता हाक दिली, त्याचे आपण अनुयायी म्हणवतो.

आता कामाचं बोलून संपवतो. मुलांनो, हे पाठच करा. कुणाला अटक झाली तर कारण सांगितलं पाहिजे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. हा संविधानाच्या कलम 22 चा हक्क आहे. अटकेचा कागद झाला पाहिजे आणि घरच्यांना कळवलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने 1996 साली डी. के. बसू खटल्यात सांगितलं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. ही माहिती अभ्यासवर्गाने एका तक्त्यावर लिहून विहाराच्या भिंतीवर लावली आहे. जाताना वाचून जा. त्या रात्री हे कुणाला माहीत असतं तर चार आया ठाण्याबाहेर नुसत्या रडत बसल्या नसत्या.

आणि दुसरं काम. अभ्यासवर्गातल्या आम्ही मंडळींनी मागच्या पौर्णिमेला नाल्यापलीकडे जाऊन त्या लोकांची माफी मागितली. म्हातारी बाई काही बोलली नाही, फक्त आत जाऊन पाणी घेऊन आली. आम्ही ते प्यालो. त्यांच्या तीन मुलांना शाळेचा दाखला नाही, तो मिळवायचं काम हाती घेतलं आहे. संध्याकाळच्या अभ्यासिकेत ती येऊ लागली आहेत. कुणाचं काही हरवलं तर आधी त्यांच्याकडे बघायचं नाही, एवढं आपण सर्वांनी सांभाळावं, ही हात जोडून विनंती.

आजच्या भोजनदानाला त्यांनाही आमंत्रण आहे. पंगत थोड्याच वेळात बसेल. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू नये.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय बुद्ध!